डावीकडचा बाण

नवा टीव्ही भिंतीवर चढवून माणसं गेली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. अप्पा त्यांच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ड्रिलचा आवाज, थर्माकोलची करकर, खोक्याच्या पट्ट्या कापल्याचा आवाज. मी रिमोटमध्ये सेल घातले आणि म्हटलं, चला, झालं, हल्ली चित्र कंपनीतूनच बरं लावून येतं, आहे तसंच चालवू. अप्पांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "पट्टे नाही लावणार?"

या प्रश्नाची मला गेली सात वर्षं भीती होती. का, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. मी फारसा बोलणारा माणूस नाही. त्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट जिच्या माथी बसायला नको होती तिच्या माथी बसली, आणि मी बसू दिली.

माझ्या लहानपणी आम्ही मांडवीजवळ एका तीन मजली इमारतीत भाड्याने राहायचो. आमचे पणजोबा-खापरपणजोबा इथल्या मराठी संस्थानच्या फौजेत होते असं म्हणतात, पण त्यातलं एक गंजलेलं म्यान सोडलं तर आमच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. अप्पा मकरपुऱ्यात एका कारखान्यात तपासणी विभागात होते. कामगारांनी कातलेले भाग मोजायचे, आणि त्याच्याही आधी, ज्या गेजने मोजायचं ते गेज बरोबर आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. दर काही महिन्यांनी प्रत्येक गेज खात्रीच्या मास्टर तुकड्याशी ताडून बघत, मग त्याच्या स्क्रूवर लाल लाखेचं सील लावत आणि एक छोटी चिठ्ठी डकवत. चिठ्ठीवर दोन तारखा: कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं. कंपनीच्या बसमधून उतरले की त्यांच्या खिशात अशा कोऱ्या चिठ्ठ्या हमखास असायच्या, आणि मग त्या घरात कुठेही सापडायच्या. आईच्या तराजूवर एक होती. भिंतीवरच्या घड्याळामागे होती. थर्मामीटरच्या डबीवर तर तीन होत्या, एकावर एक. आई म्हणायची, "माझ्या कपाळावर तेवढी लावायची राहिलीय." अप्पा म्हणायचे, "तुला तपासायला मास्टर कुठून आणू?"

मी चौथीत असताना आमच्याकडे लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसते उभे पट्टे यायचे आणि पूंऽ असा एकाच सुरातला आवाज. ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांना ते रंगीत दिसत असतील. आमच्याकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्यांसारखे उतरत जाणारे आठ करडे पट्टे. इतर घरांत लोक तेवढा वेळ आवाज बंद करून चहा पीत. अप्पा पाट ओढून टीव्हीसमोर बसत आणि ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टचे दोन नॉब दोन हातांनी, एखाद्या तिजोरीचे असावेत तसे, हळूहळू फिरवत. काळा पट्टा काळाच राहिला पाहिजे, पण शेजारचा त्यात बुडता कामा नये. पांढरा पांढराच राहिला पाहिजे, पण शेजारचा त्यात विरघळता कामा नये. आठच्या आठ सुटे मोजता आले की चित्र लागलं. आज याला कॅलिब्रेशन म्हणतात, त्याची यंत्रं विकत मिळतात, पण मुळात गोष्ट एवढीच आहे.

तोवर इमारतीतली माणसं येऊन बसलेली असायची. खालच्या मजल्यावरचे एक गुजराती काका यायचे, सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात काढलेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतिया होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. येताना कागदाच्या पुडीत लीलो चेवडो, म्हणजे ओलसर चिवडा, आणायचे. त्यांच्यासाठी लाकडी खुर्ची राखून ठेवलेली असायची. आठ पट्टे नीट लावून झाले की अप्पा मागे वळून किती दिसतात ते विचारायचे, "काका, केटला देखाय छे?" काका डोळे बारीक करून बोटाने हवेत मोजायचे. "छ." अप्पा नॉब थोडा फिरवायचे. "सात." आणखी थोडा. "आठ. बस, हवे देखाय छे." म्हणजे, आता दिसतंय. आणि अप्पा पाट उचलून ठेवायचे.

मला याचा भयंकर राग यायचा. काकांचे आठ झाले की आमचा काळा पट्टा राखेच्या रंगाचा व्हायचा, आणि सिनेमातल्या सगळ्यांच्या तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसायचं. एकदा ते सगळे गेल्यावर मी अप्पांना म्हटलं, एका माणसासाठी दहा जणांचं चित्र का बिघडवायचं? अप्पा शटर बंद करत होते. म्हणाले, "आपल्याला कमी उजेडात दिसतं तसं जास्तीतही दिसतं. त्यांना कमीत दिसत नाही. मग फिरवायचं कुणी?"

तरी बरीच वर्षं मला वाटत राहिलं की तपासणी विभागातल्या माणसाने असं करणं बरं नाही. बरोबर ते बरोबर.

पुढे अप्पा निवृत्त झाले, आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो, मी अलकापुरीत एका ऑफिसात नकाशे काढायच्या कामाला लागलो, आणि बापाची खोड माझ्यात उतरली. माझे स्क्रीन मला नीट लागलेले हवे असतात. सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी पैसे साठवून मी पहिला एचडीआरवाला टीव्ही घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: एचडीआरच्या चित्रात अंधार जास्त खोल असतो आणि उजेड जास्त प्रखर, आणि कुठल्या ठिपक्याने किती उजेड द्यायचा हे चित्रातच लिहून आलेलं असतं. त्यामुळे खोलीत ऊन असेल तर असं चित्र अंधारं वाटतं. लोक तक्रार करतात, आणि माझ्यासारखे लोक त्यांना सांगतात, असंच असतं, पडदे लावा.

एका रविवारी दुपारी मी खिडकीवर दोन जाड चादरी टांगल्या, टीव्ही अर्धा तास तापू दिला, वीज वाचवायचे आणि उजेड बघून आपोआप कमी-जास्त होणारे सगळे खेळ बंद केले, आणि पेन ड्राइव्हवर उतरवलेले टेस्ट पॅटर्न लावले. अप्पा आतून बाहेर आले. पडद्यावर नजर जाताच त्यांचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो.

"अरे, आपले पट्टे!"

खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले. किती वर्षांनी आम्ही दोघं असे एकाच कामाला बसलो होतो. पहिला पॅटर्न काळ्याचा होता: काळ्यावर अगदी किंचित कमी काळे पट्टे, प्रत्येकाखाली आकडा, आणि ते मिणमिणत असतात. चौसष्ट म्हणजे पूर्ण काळा. त्याच्या डावीकडचे दिसायला नकोत, उजवीकडचे दिसायला हवेत. मला अडुसष्टपासून दिसत होते. अप्पांना ऐंशीच्या पुढे. मी म्हटलं, डावीकडचे काळेच असायचेत, अप्पा. ते म्हणाले बरं.

मग चौकटीचा पॅटर्न आला. चित्र कडेला कापलं जात नाही ना ते बघायचा. मधोमध एक फुली आणि चारही कडांना टेकलेले चार पांढरे बाण. हा काळा-करडा मामला नव्हता. काळ्यावर स्वच्छ पांढरे बाण, बोटाएवढे. मी गंमत म्हणून अप्पांना म्हटलं, फुलीकडे बघत राहा आणि सांगा किती बाण दिसतात.

"तीन," अप्पा म्हणाले. "डावीकडचा नाही."

मला चार दिसत होते. मी म्हटलं, "अप्पा, नीट बघा ने."

तेव्हा त्यांनी मान डावीकडे वळवली. डोळे नव्हे, अख्खी मान, गाडी मागे घेताना वळवतात तशी. आणि म्हणाले, "हं. आहे, आहे."

मी ती मान वळलेली पाहिली. हे मला आज स्वच्छ लिहायचं आहे. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्या टीव्हीसाठी मी वर्षभर थांबलो होतो, पुढचा पॅटर्न पांढऱ्याचा होता, आणि डोळ्यांचं काढलं असतं तर दवाखाना, रजा, रांगा हे सगळं आलं असतं. मला ते त्या दिवशी नको होतं. मी पुढचं बटण दाबलं.

नंतर रोजचं भांडण सुरू झालं. अप्पा दिवसभर घरात, रिमोट त्यांच्या हातात. संध्याकाळी मी ऑफिसातून यायचो तर टीव्हीचा ब्राइटनेस शेवटाला नेलेला, चेहरे निळसर, काळोखाचं धुकं झालेलं. मी परत खाली आणायचो. ते म्हणायचे अंधार आहे रे. मी म्हणायचो, बरोबर चित्र असंच असतं. पंधरा-वीस दिवस हे चाललं. मग मी सेटिंगच्या मेनूला चार आकड्यांचं कुलूप घातलं. आकडे लक्षात राहावेत म्हणून अप्पांचाच कारखान्यातला हजेरीचा टिकिट नंबर दिला.

त्यानंतर अप्पा एकदा-दोनदा म्हणाले, अंधार आहे. मग म्हणायचे थांबले. मला वाटलं, सवय झाली. त्यांची खुर्ची दर महिन्याला फरशीची एक-एक ओळ पुढे सरकत होती. पुढे ते टीव्ही नुसता ऐकायला लागले आणि आई भाजी निवडता निवडता कोण आलं, कोण गेलं ते सांगायला लागली. जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची. पाण्याचा पेला लवंडायचा. आई चिडायची, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

दीड वर्षानंतर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चुकले आणि पडले. हाताचं हाड मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं, यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तिथे कळलं, झामर आहे, म्हणजे आपला काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेलेली. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून जपायचं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, थोडं आधी आला असतात तर बरंच जास्त हाताशी राहिलं असतं. घरात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही का?

मी म्हटलं, नाही.

आणि आई म्हणाली, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. पेले सांडायचे, मी ओरडायचे."

तिथून ते तिचं झालं. सात वर्षं जो कोणी घरी येईल त्याला ती सांगत आली: माझंच चुकलं, मी त्यांना वेंधळे म्हणायची. अप्पांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब तीच घालते, फोनवर गजर लावून, एखाद्या शिक्षेसारखे. मी समोरच्या सोफ्यावर असायचो. पाहुण्यांना चेवड्याची वाटी पुढे करायचो.

आता या वर्षी त्या टीव्हीवर मधोमध एक उभी हिरवी रेघ आली आणि रोज जाड होत गेली. मी नवा घेतला. आणि अप्पांनी विचारलं, पट्टे नाही लावणार?

मी म्हटलं, लावतो. चादरी काढल्या. त्याच दोन, आता विटलेल्या. खिडकीवर टांगेपर्यंत सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं. पेन ड्राइव्ह लावला, यादी उघडली, आणि पॅटर्न लावायच्या आधी अप्पांच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसलो.

"अप्पा, मागच्या टीव्हीच्या वेळी बाण होते, आठवतं?"

"डावीकडचा दिसला नव्हता मला."

"तुम्ही मान वळवलीत. मी पाहिलं होतं."

मग सगळं सांगितलं. दाबलेलं बटण, दवाखान्याचा कंटाळा, कुलूप, डॉक्टरांना सांगितलेलं ते 'नाही'. हे सगळं सांगायला किती थोडा वेळ लागतो याचंच मला नवल वाटलं. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

अप्पांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. म्हणाले, "कुलपाला माझा टिकिट नंबर होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू दुसरे कुठले चार आकडे घालणार? दुसऱ्या दिवशीच उघडलं होतं मी ते. उघडलं आणि परत बंद केलं."

"मग वाढवलं का नाहीत?"

"तू तपासून सील लावलं होतंस. सील लावलेल्या गेजला वापरणाऱ्याने हात लावायचा नसतो. माप जुळलं नाही तर माल बाजूला काढायचा. आयुष्यभर तेच केलं. म्हटलं, उतारवय. चालायचंच. मी मलाच बाजूला काढलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला ते काका आठवले, त्यांची हवेत मोजणारी बोटं आठवली. अप्पांनी आयुष्यभर घरातल्या सगळ्यांत अधू डोळ्यांसाठी नॉब फिरवला, आणि त्यांचा स्वतःचा डोळा अधू झाला तेव्हा नॉब माझ्या हातात होता.

आई दारातून म्हणाली, "सात वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय माझं चुकलं म्हणून. तू इथेच बसलेला असायचास."

"हो."

"एकदाही नाही वाटलं, हिला सांगावं?"

"रोज वाटायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आणखी काही बोलेल. "चहा निवला," एवढं म्हणून ती ट्रे घेऊन परत आत गेली. भांडी जरा जास्तच आवाज करत होती.

अप्पा म्हणाले, "लाव पट्टे."

मी त्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी हातभर जवळ नेली आणि थोडी तिरकी ठेवली, उजव्या डोळ्याच्या शाबूत बाजूला पडदा येईल अशी. काळ्याचा पॅटर्न लावला. त्यांना एकही पट्टा दिसेना. मी ब्राइटनेस वाढवत गेलो. काळ्याचा करडा झाला, करड्याची राख. माझ्या डोळ्यांना ते चित्र केव्हाच मेलं होतं. अप्पा पुढे वाकून बसले होते, हनुवटी उचलून, आणि बोटाने हवेत शोधत होते.

"वाढव. वाढव ने. थांब. आता काहीतरी लुकलुकतंय."

"आकडा दिसतो?"

"आकडा राहू दे. लुकलुकतंय. आणखी थोडं… बास. एक घर मागे. हां."

मग चौकटीचा लावला. त्यांनीच सावकाश मान वळवत एकेक बाण शोधला, डावीकडचा शेवटी, आणि सापडल्यावर त्याच्यावर बोट टेकवलं. नव्या काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. एरवी मी लगेच पुसला असता.

"तिला बोलव," अप्पा म्हणाले. "ती पण बघते की टीव्ही."

आई हात पुसत आली आणि पडद्यासमोर उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी पुन्हा काळ्याचा पॅटर्न लावला आणि म्हटलं, आई, एक डोळा झाक आणि सांग कुठपासून दिसतं. मग दुसरा झाक. ती हलली नाही. अप्पा म्हणाले, "तो सांगतोय तसं कर." तिने पदराचं टोक डाव्या डोळ्यावर धरलं, मग उजव्यावर. दोन्ही वेळा आकडा सांगितला. तो तिने अप्पांना सांगितला, मला नाही. दोन्ही डोळ्यांचा सारखाच होता. तरीही मी तिथेच बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन केला आणि अप्पांच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी तिचं आणि माझंही नाव लिहायला सांगितलं.

"चिठ्ठी लाव," अप्पा म्हणाले.

घरात चिठ्ठ्या कधीच्याच संपल्या होत्या. मी कागदी चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर आजची तारीख लिहिली, खाली डॉक्टरांकडची, आणि टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवला. कुलूप घातलं नाही.

संध्याकाळी त्यांची मालिका लागली. पीठ फासलेल्या तोंडांची माणसं, राखेच्या रंगाची रात्र. आईने चहा पुन्हा गरम केला आणि ट्रेमध्ये दोन कप आणले, एक अप्पांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. कोण आलं, कोण गेलं ते सांगायला तिने तोंड उघडलं, तर अप्पा म्हणाले, "थांब, मला बघू दे."

माझा कप आत ओट्यावर होता, दुपारचाच. मी तो तसाच प्यायलो.